उजनी ते एंगलहार्ट: लेसर अल्टिमेट्रीच्या नोंदी

९ नोव्हेंबर २०२४

दिवाळीची सुट्टी संपली, फराळाचे डबे रिकामे झाले, आता हे सुरू करतो. अंटार्क्टिकात व्हिलन्स हिमप्रवाहाच्या समुद्राकडच्या टोकाला, बर्फाखाली, एंगलहार्ट नावाचं तळं आहे. ऑक्टोबर २००३ ते जून २००६ या काळात त्यातलं सुमारे २ घन किलोमीटर पाणी निघून गेलं आणि वरचा बर्फ जवळपास ९ मीटर खचला. हे नासाच्या आइससॅट उपग्रहाने टिपलं; तो खाली लेसर सोडून पृष्ठभागाची उंची मोजायचा, यालाच लेसर अल्टिमेट्री म्हणतात. हिमशास्त्रज्ञ हेलन फ्रिकर खरं तर बर्फ जमिनीवरून उठून तरंगायला कुठे लागतो ती रेघ शोधत होत्या, सापडली तळी. २००७ साली ते प्रसिद्ध झालं. डेटा सगळ्यांना फुकट आहे. ती ९ मीटरची उतरण मला माझ्या हाताने काढायची आहे.

पण थेट बर्फावर नाही जायचं. आधी अशा सपाट जागेवर हात बसवायचा जिची उंची मला दुसरीकडून कळते. मामांचं गाव उजनीच्या बॅकवॉटरला, इंदापूर तालुक्यात. धरणाची पातळी पाटबंधारे खात्याच्या तक्त्यात रोज येते, पेपरातही येते. म्हणून सराव उजनीवर, तोही नव्या आइससॅट-२ च्या डेटावर.

सामान: आठ जीबी रॅमचा पाच वर्षं जुना लॅपटॉप, पायथन, नासाचं मोफत खातं. डेटा अमेरिकेच्या राष्ट्रीय हिम-बर्फ डेटा केंद्रातून घ्यायचा. खर्च आजपर्यंत शून्य.

१२ नोव्हेंबर

पहिली घोडचूक. आइससॅट-२ चा डेटा वेगवेगळ्या पातळ्यांवर मिळतो. एटीएल०३ म्हणजे परत आलेला एकेक फोटॉन (प्रकाशाचा कण), एटीएल०६ म्हणजे बर्फाची काढून ठेवलेली उंची, एटीएल१३ म्हणजे तळी-नद्यांची. मला वाटलं कच्चा माल तो खरा माल, म्हणून एटीएल०३ मागवलं. एकेक फाइल दोन-तीन जीबीची. उजनीवरून उपग्रह काही सेकंदांत पार होतो, पण फाइल अख्ख्या पट्ट्याची येते, त्यात पार अरबी समुद्रसुद्धा. तीन रात्री डाउनलोड चालू ठेवलं, चौथ्या दिवशी सकाळी डिस्क भरून लॅपटॉप बंद.

बाहेरची एक टीबी हार्ड डिस्क घेतली, ४,८०० रुपये. त्याच संध्याकाळी कळलं की मागणी करतानाच चौकोन आखून तेवढाच तुकडा कापून मिळतो. कापलेल्या फाइली प्रत्येकी काही एमबीच्या निघाल्या. हार्ड डिस्कवर आता भाचीच्या लग्नाचे व्हिडिओ आहेत.

१६ नोव्हेंबर

पहिला आलेख. पाणी अगदी सुरेख दिसतं. वर-खाली विखुरलेल्या फोटॉनांच्या गर्दीत मधोमध एक सरळ, दाट रेघ, जणू कोणी फूटपट्टी ठेवून ओढली आहे. बायकोला बोलावून दाखवलं.

मग अक्षावरचे आकडे वाचले. पाणी ४२५ ते ४३० मीटरच्या दरम्यान. उजनीची पूर्ण संचय पातळी ४९६.८३ मीटर. धरणाची उंचीच सुमारे ५६ मीटर, म्हणजे माझ्या हिशोबाने पाणी धरणाच्या पायाच्याही खाली होतं.

रात्री दीडपर्यंत कोड तपासला. अक्षांश-रेखांश उलटे पडले का, दुसरंच तळं उचललं का, सगळं पाहिलं. सगळं बरोबर होतं.

१७ नोव्हेंबर

उपग्रहाची उंची समुद्रसपाटीपासून नसते. ती एलिप्सॉइडपासून असते, म्हणजे गणिताने बसवलेल्या गुळगुळीत लंबगोल पृथ्वीपासून. खरी समुद्रसपाटी, म्हणजे जिऑइड, त्या गोलाच्या वर-खाली हेलकावत जाते, आणि भारताच्या दक्षिणेला हिंदी महासागरात तर तिचा जगातला सगळ्यात खोल खड्डा आहे, १०० मीटरहून जास्त. त्या खड्ड्याचा उतार आपल्यापर्यंत येतो. उजनीपाशी फरक पासष्ट-सत्तर मीटरचा. तो मिळवला आणि धरण जागेवर आलं.

हा फरक शोधायला मी जिऑइडची वेगळी जागतिक फाइल उतरवली, ती वाचायचा कोड लिहिला, पाच तास घालवले. नंतर पाहिलं तर एटीएल०३ च्या फाइलमध्येच, भूभौतिक दुरुस्त्यांच्या गटात, जिऑइडचा रकाना आयता होता. कोणी हे करणार असाल तर पहिल्या दिवशी एकही ओळ लिहू नका. फाइल उघडा आणि सगळ्या रकान्यांची नावं कागदावर उतरवून काढा. मी ते केलं नाही. पुढे आणखी एकदा केलं नाही, त्याची नोंद खाली येईलच.

२३ नोव्हेंबर

आज दोन तास मी फार मोठा माणूस होतो.

जानेवारी २०२४ मधल्या एका फेरीत पाण्याच्या रेघेखाली दुसरी, फिकट, अगदी समांतर रेघ सापडली. दोन-सव्वादोन मीटर खाली. आइससॅट-२ चं लेसर हिरवं, ५३२ नॅनोमीटरचं, ते पाण्यात शिरतं आणि स्वच्छ उथळ समुद्राचा तळ त्याने मोजलेला आहे, हे वाचलेलं होतं. मग काय, उजनीचा तळ सापडला! गाळ किती साचला हेही काढता येईल, असं डोक्यात सुरू झालं.

दोन गोष्टी खटकल्या. उजनीचं पाणी हिवाळ्यात पुण्याच्या सांडपाण्याने हिरवंगार असतं, त्यात हात घातला तर बोटं दिसत नाहीत. आणि तळ कधी पृष्ठभागाला इतका समांतर असतो का? तीन किलोमीटरभर एक ढेकूळ नाही, जुन्या नदीपात्राचा खळगा नाही.

तळ नव्हताच तो. वारा पडलेला असेल तेव्हा पाणी आरशासारखं होतं, एकदम फार फोटॉन परत येतात, यंत्राचे डोळे दिपतात आणि त्यानंतर यंत्राच्या आतच प्रतिध्वनी उमटतात. ते खऱ्या रेघेच्या खाली ठरावीक अंतरांवर पडतात. संपृक्ततेचं, म्हणजे या दिपण्याचं, प्रमाण सांगणारा रकाना फाइलमध्ये आहे, आणि त्या जागी तो भरलेला होता. अशा जागा गाळून टाकल्या. बायकोने विचारलं, तळाचं काय झालं. म्हटलं, वर आला.

३० नोव्हेंबर

वाचलं होतं की उपग्रह दर ९१ दिवसांनी त्याच मार्गावर येतो. एकूण १,३८७ मार्ग, मग पुन्हा पहिल्यापासून. म्हणून एक मार्ग धरला आणि त्याच्या सगळ्या फेऱ्या मागवल्या. एक उजनीवरून, दुसरी करमाळ्याकडे सरकलेली, तिसरी भलतीकडेच. वाटलं माझं मार्ग क्रमांक वाचणंच चुकतंय. फाइलच्या नावात तारखेनंतर आठ आकडे येतात: चार मार्गाचे, दोन फेरीचे, दोन विभागाचे. चार वेळा तपासलं.

चूक माझ्या गृहीतात होती. त्याच रेघेवर पुन्हा येणं हे ध्रुवांसाठी आहे. आपल्या अक्षांशांवर उपग्रह मुद्दाम थोडा बाजूला नेम धरतो, कारण जंगलांची उंची मोजायला जास्तीत जास्त वेगवेगळ्या जागा हव्या असतात. पाण्याला त्याने फरक पडत नाही, तळं कुठेही छेदलं तरी पातळी तीच. मार्ग क्रमांकाचा नाद सोडला, तळ्याची हद्द आखून जे काही तिच्यावरून गेलं ते घेतलं. काम सोपंच झालं.

ढग मात्र वाईट. लेसर दाट ढगातून येत नाही, त्यामुळे जून ते सप्टेंबर, म्हणजे धरण भरतं ते सगळे महिने, जवळजवळ कोरे. २०२४ च्या मे महिन्यातली तळ गाठलेली उजनी मला हवी होती, तर १० मेच्या सुमारास मोठं सौरवादळ झालं. लडाखमध्ये हानलेला आकाश लाल झालं होतं, तेच. त्यात उपग्रह सेफ मोडमध्ये गेला. मग पाऊस. एप्रिलवर समाधान मानलं.

८ डिसेंबर

गावी. एसटीने भिगवण, पुढे मामांची मोटरसायकल. हा प्रवास डेटासाठी नव्हता, पण सगळ्यात मोठी दुरुस्ती इथेच झाली.

एप्रिलची पातळी खात्याच्या तक्त्यापेक्षा दीड मीटर जास्त येत होती. जानेवारीची ठीक. कारण सापडत नव्हतं. लॅपटॉप ओट्यावर ठेवून मामांना आलेख दाखवला. मार्ग कुठून जातो ते नकाशावर दाखवलं. मामांनी चष्मा वर करून पाहिलं.

"अरं, हितं पाणी कुठं होतं एप्रिलात? गाळपेर होती. मका होता आमच्या शेजाऱ्याचा."

मी तळ्याची हद्द धरण भरलेलं असतानाच्या फोटोवरून आखली होती. एप्रिलमध्ये त्या हद्दीतली निम्मी जागा म्हणजे उघडा पडलेला गाळ आणि त्यावरचं पीक. आलेखात ते दिसतही होतं: एक सपाट रेघ, मग एक चढ, मग खडबडीत. मी सगळ्याची सरासरी काढत होतो. यात दीड मीटर मका होता.

दुपारी मामांनी काठावर नेऊन दाखवलं. आता पाणी बांधाला लागलेलं, पण मेमध्ये मोटर कुठे होती तर पाण्यात उभ्या असलेल्या एका बाभळीच्याही पलीकडे. पाणी हटतं तशी मोटर पुढे सरकवायची, केबल वाढवायची, पाइप जोडायचे. वीस फुटी एकोणीस पाइप लागले म्हणाले.

"पाणी किती हटलं त्याला आभाळातनं कशाला बघायचं? माझी पायपं मोज."

म्हटलं, मामा, तुमची पायपं अंटार्क्टिकात नाहीत.

१५ डिसेंबर

उजनीचा निकाल. सरासरीऐवजी दर शंभर मीटरच्या तुकड्याचा मध्यक घेतला आणि शेजारच्या तुकड्यांशी दहा सेंटिमीटरच्या आत जुळणारेच ठेवले. मका गळाला. माझ्या आकड्यांत आणि खात्याच्या पातळीत सगळ्या तारखांना साधारण अर्ध्या मीटरचा, एकाच दिशेचा फरक राहिला. तो घालवायचा प्रयत्न सोडला. खात्याची समुद्रसपाटी आणि उपग्रहाच्या प्रतिमानातली समुद्रसपाटी या दोन वेगळ्या व्याख्या आहेत. दोन तारखांमधली उतरण तेवढी ताडून पाहिली, ती दहा सेंटिमीटरच्या आत बसली. एंगलहार्टसाठीही उतरणच हवी आहे, त्यामुळे चालेल.

नासाचे लोक हेच काम थाटात करतात. उपग्रहाची कक्षा ९२ अंश कललेली असल्याने त्याचे सगळे मार्ग ८८ अंश दक्षिणेपाशी येऊन वळतात. तिथे बर्फावर चालणाऱ्या गाड्यांवर जीपीएस बसवून त्यांनी सुमारे ७५० किलोमीटरचा फेरा केला आणि एटीएल०६ ची उंची ३ सेंटिमीटरच्या आत बरोबर असल्याचं दाखवलं. माझ्याकडे एसटी आणि एकोणीस पाइप.

जाता जाता: आइससॅट-२ लेसरचे सहा किरण सोडतो, त्यांपैकी तीन जोरकस, तीन मंद, आणि कोणते जोरकस हे उपग्रहाच्या तोंडावर ठरतं. वर्षातून साधारण दोनदा तो उलटा फिरतो. मी 'उजवा तो जोरकस' असं कोडमध्ये ठोकून दिलं होतं. निम्म्या फेऱ्यांत मंद किरण वापरत होतो. दिशा सांगणारा रकाना आहे, तो वाचा.

२८ डिसेंबर

अंटार्क्टिका. इथे जुना उपग्रह, पहिला आइससॅट. जानेवारी २००३ मध्ये सुटला, तीन लेसर होते, पहिलं ३८ दिवसांतच गेलं. उरलेली पुरवून वापरायची म्हणून मग वर्षभर चालू ठेवण्याऐवजी ३३-३३ दिवसांच्या मोहिमा केल्या, वर्षाला दोन-तीन. २००९ पर्यंत असंच ओढलं. एकच किरण, जमिनीवर पाऊणशे मीटरच्या आतबाहेरचा ठिपका, पुढचा ठिपका १७० मीटरवर. आइससॅट-२ च्या ७० सेंटिमीटरची सवय झाल्यावर हे मोत्यांची माळ तुटल्यासारखं दिसतं.

नेहमीच्या वेब नकाशावर ठिपके टाकले तर तळं एका देशाएवढं झालं. ८४ अंशांच्या आसपास तो नकाशा लांबी-रुंदी नऊ-दहा पटीने ताणतो. ध्रुवीय प्रक्षेप, म्हणजे ध्रुव मध्ये धरून काढलेला नकाशा, घेतला, संकेतांक ३०३१. यात फक्त अर्धा तास गेला, म्हणून नोंद छोटी.

५ जानेवारी २०२५

सरासरी उंची 'अनंत' आली. जिथे मापन नाही तिथे फाइलमध्ये एक अवाढव्य आकडा भरलेला असतो, तो गाळला नव्हता. त्यानंतर बर्फ मोहिमेगणिक अर्धा मीटर उड्या मारत होता. सपाट, चमकदार बर्फावरून प्रकाश जोरात परत आला की इथेही संपृक्तता येते आणि उंची कमी भरते. त्याची दुरुस्ती वेगळ्या रकान्यात दिलेली असते, उंचीत आधीच मिळवलेली नसते. आपण मिळवायची. उजनीने हे एकदा शिकवलं होतं, तरी विसरलो.

१४ जानेवारी

संक्रांत. ऑफिसात रिलीज. काही केलं नाही.

१९ जानेवारी

आता खरी अडचण. जुना उपग्रह 'त्याच' मार्गावर येतो म्हणजे शे-दोनशे मीटर इकडे तिकडे. बर्फ त्या आडव्या दिशेला थोडाही उतरता असेल तर दोनशे मीटर बाजूच्या मापात मीटरभर फरक पडू शकतो, आणि बर्फ बिचारा जागचा हललेलाही नसतो. एकाच किरणाला आडवा उतार कळत नाही. नव्या उपग्रहाचे किरण ९० मीटर अंतराच्या जोड्यांनी सोडलेत ते याच्यासाठीच.

आधी सगळ्या मोहिमांचे ठिपके एकत्र करून त्यांतून एक कललेलं प्रतल बसवलं. तळ्याबाहेर ते छान बसलं. तळ्यावर बसेना, कारण तिथे पृष्ठभाग स्वतःच खचत होता आणि माझं गणित त्या खचण्याला उतार समजत होतं. दोन शनिवार-रविवार यात गेले.

शेवटी रेमा हा अंटार्क्टिकाचा आयता उंची-नकाशा घेतला, त्यातली १०० मीटरची प्रत, लॅपटॉपला झेपेल अशी. प्रत्येक ठिपक्याच्या उंचीतून त्या जागेची नकाशातली उंची वजा केली. उतार निघून गेला, उरला तो बदल.

आणि उतरण आली. २००३ च्या शरदातली मोहीम वर, मग एकेक मोहीम खाली, २००६ पर्यंत मधला भाग साडेआठ मीटर खाली. दोन्ही काठ जागेवर, मध्ये परातीसारखा खोलगट भाग. माझा मार्ग तळ्याच्या बरोबर मधून जात नाही, त्यामुळे पुरते नऊ येणार नव्हते. आलेख छापून टेबलासमोर चिकटवला.

२६ जानेवारी

लोभ झाला. २००९ नंतर पुढे काय झालं, म्हणून आइससॅट-२ चा एटीएल०६ त्याच नकाशातून वजा करून जोडला. तळ्याबाहेरचा बर्फ, जो हलायला नको, तो जुन्या उपग्रहापासून नव्यापर्यंत सगळीकडे सारखाच खाली गेलेला. जवळपास ७० सेंटिमीटर.

खरं सांगायचं तर तासभर मी त्यावर विश्वास ठेवला. बर्फ वितळतोय हे आपण रोज ऐकतो, आणि आकडा ऐकलेल्याच दिशेचा होता. तोच बर्फ ७० सेंटिमीटर वर गेला असता तर मी पाच मिनिटांत चूक शोधायला बसलो असतो.

संशय आला तो सारखेपणामुळे. तळ्याच्या अलीकडे ७०, पलीकडे ७०, वीस किलोमीटरवर ७०. बर्फ असा इस्त्री केल्यासारखा खाली जात नाही.

पुन्हा एलिप्सॉइड! जुन्या आइससॅटने टोपेक्स उपग्रहाच्या काळातला लंबगोल धरलाय, नव्याने डब्ल्यूजीएस८४. पहिल्याची त्रिज्या ७० सेंटिमीटरने लहान, ध्रुवाकडे फरक ७१ च्या आसपास. लहान गोलापासून मोजली की उंची तेवढी जास्त भरते. माझी सगळी जुनी मापं ७१ सेंटिमीटर फुगलेली होती. साडेआठ मीटरच्या उतरणीला धक्का नाही, कारण ती जुन्यातून जुनं वजा करून आली होती.

आणि हो, दोन लंबगोलांमधला फरक जुन्या फाइलमध्ये प्रत्येक ठिपक्यासाठी वेगळ्या रकान्यात दिलेला आहे. १७ नोव्हेंबरची नोंद वाचावी.

२ फेब्रुवारी

एटीएल११ नावाचं उत्पादन आज उघडलं. त्यात ध्रुवीय बर्फावरची प्रत्येक फेरी, आडव्या उताराची दुरुस्ती करून, एकाच बिंदूवर आणून ठेवलेली असते. नव्या उपग्रहाचा भाग करायचा असेल तर तिथूनच सुरुवात करा. माझा एटीएल०६ चा कोड आता अडगळीत.

हिशोब: पैसे ४,८०० अधिक एसटी. वेळ ७१ तास, त्यांतले उपयोगी वीस-बावीस असतील. सगळ्यात जास्त गेले आडव्या उतारात, त्याखालोखाल डाउनलोडात.

संध्याकाळी मामांचा फोन, ऊस तोडणीची टोळी आली नाही म्हणून. शेवटी विचारलं, तुझ्या बर्फाचं काय झालं. त्यांना टीएमसीत सांगितलं: २ घन किलोमीटर म्हणजे ७० टीएमसी. उजनीचा उपयुक्त साठा साडेत्रेपन्न. तेवढं पाणी बर्फाखालून पावणेतीन वर्षांत निघून गेलं, वर कोणाला पत्ता नाही.

मामा जरा गप्प. मग म्हणाले, "सोडलं कुठं? कालव्याला का नदीला?"

"समुद्राला, मामा."

"आन् आवर्तन ठरवलं कुनी?"

पुढच्या आठवड्यात मर्सर तळं घेतोय, तेही अंटार्क्टिकातल्या बर्फाखालचंच, एटीएल११ वर. रकान्यांची यादी छापून ठेवली आहे, बारा पानं झाली.